थायरॉइडची गोळी सुरू झाली आणि सांधे धरले

ताईच्या गोळ्यांचा तो तेविसावा दिवस होता. सकाळी बेसिनपाशी उभी राहून ती टूथपेस्टचं झाकण उघडायला गेली आणि ते फिरेचना. बोटांत जोरच येत नव्हता. उजवं मनगट गरम लागत होतं, थोडं फुगलंही होतं. रात्री हात अंगाखाली दबला असेल म्हणून तिनं सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी मनगट बरंच उतरलं, पण डावा गुडघा धरला. तिसऱ्या दिवशी दोन्ही घोटे. कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत ती जिना उतरली. संध्याकाळी अंगात कणकण आणि थर्मामीटरवर शंभराच्या आसपास ताप.

जवळच्या दवाखान्यात पाच दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या मिळाल्या. थायरॉइडची गोळी चालू आहे हे तिनं सांगितलं होतं, पण त्यावर पुढे कुणी काही विचारलं नाही. घरात आम्हीही "दगदग झाली असेल" म्हणून गप्प बसलो, ते मला आजही टोचतं. शेवटी थायरॉइडच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पहिलंच विचारलं, "गोळी सुरू करून किती दिवस झाले?"

त्या प्रश्नातच निम्मं निदान होतं. ही गोळी घेणाऱ्या प्रत्येकाला तो प्रश्न स्वतःला विचारता यावा, म्हणून हे लिहितेय.

आधी आजाराबद्दल थोडं. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी टी-3 आणि टी-4 ही हार्मोन्स तयार करते. ती गरजेपेक्षा जास्त झाली की सगळं शरीर धावत सुटतं. छाती धडधडते, हात थरथरतात, घाम फुटतो, भरपूर खाऊनही वजन उतरतं, झोप लागत नाही. रक्ताच्या रिपोर्टमध्ये मात्र टीएसएच कमी दिसतं, कारण ग्रंथीला 'आता पुरे' असं मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी त्यातूनच सांगत असते. बरेच जण "थायरॉइड आहे" एवढंच म्हणतात. थायरॉइड कमी पडण्याच्या आजारात गोळी हार्मोनचीच असते. इथे सांगतेय ते त्याच्या नेमकं उलट, थायरॉइड जास्त झाल्यावर दिल्या जाणाऱ्या गोळ्यांबद्दल आहे.

थायरॉइड वाढण्याचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे ग्रेव्हज डिसीज. रॉबर्ट ग्रेव्हज या डब्लिनच्या डॉक्टरांनी 1835 मध्ये त्याचं वर्णन केलं. यात आपलीच प्रतिकारशक्ती अशी अँटिबॉडी बनवते की ती ग्रंथीला सतत ढोसत राहते. म्हणजे मूळ गोंधळ प्रतिकारशक्तीचा आहे. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येतो.

या आजारावरच्या गोळ्या तीन: कार्बिमाझोल, मेथिमाझोल आणि प्रोपिलथायोयुरासिल, म्हणजे पीटीयू. खरं तर अडीचच म्हणायला हव्यात. कार्बिमाझोल पोटात गेल्यावर त्याचं मेथिमाझोलच होतं आणि काम तेच करतं. बोस्टनमध्ये एडविन ॲस्टवुड यांनी 1943 मध्ये या कुळातली पहिली औषधं थायरॉइडच्या रुग्णांवर वापरली, तेव्हापासून हे कुळ चालत आलंय. ग्रंथीत आयोडीन पकडून हार्मोन घडवणारं एक एन्झाइम असतं, थायरॉइड पेरॉक्सिडेज. या गोळ्या ते एन्झाइम अडवतात. ग्रंथीत आधीचा साठा असल्यामुळे गोळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी धडधड थांबली असं होत नाही. हार्मोन ताळ्यावर यायला काही आठवडे जातात. कोर्स साधारण 12 ते 18 महिन्यांचा असतो.

ही चांगली औषधं आहेत. कितीतरी लोक काहीही त्रास न होता पूर्ण कोर्स करून मोकळे होतात. हे मुद्दाम सांगतेय, कारण दुष्परिणामांबद्दल वाचून घाबरून परस्पर गोळी सोडून देणं हा वेगळाच धोका आहे.

आता सांध्यांकडे येऊ. या गोळ्यांनी होणारा सांध्यांचा त्रास दोन पायऱ्यांचा असतो. पहिल्या पायरीवर नुसती सांधेदुखी असते. दुखतं, पण सूज नसते आणि सांधा बाहेरून जसाच्या तसा दिसतो. शंभरातल्या एक ते पाच जणांना असं होऊ शकतं, आणि वैद्यकीय पुस्तकांत हा त्रास 'किरकोळ' दुष्परिणामांच्या यादीत बसतो. या 'किरकोळ' शब्दाशी माझं भांडण आहे. त्याच यादीत अंगावर पित्त उठणं आणि खाज येणंही आहे. त्यावर साधी ॲलर्जीची गोळी देऊन पुष्कळदा औषध चालू ठेवता येतं. सांधेदुखीचं तसं नाही, कारण ती दुसऱ्या पायरीची आधी मिळालेली सूचना असू शकते. म्हणून यादी काहीही म्हणो, सांधे दुखू लागले तर डॉक्टरांशी बोलून औषध थांबवावं असं जाणकार सुचवतात.

दुसऱ्या पायरीवर सांध्यांना खरोखर सूज येते. याला अँटिथायरॉइड आर्थ्रायटिस सिंड्रोम म्हणतात. हा बराच कमी दिसतो, त्यामुळे रोज शंभर रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरच्या डोळ्यांसमोर तो पटकन येत नाही. त्याची चाल मात्र ओळखू येण्यासारखी आहे. बहुतेक वेळा गोळी सुरू केल्यापासून पहिल्या दोन महिन्यांत तो उगवतो. एकाच वेळी किंवा पाठोपाठ अनेक सांधे धरतात आणि दुखणं फिरतं: आज मनगट, उद्या गुडघा, परवा घोटा किंवा बोटं. सोबत ताप असू शकतो, अंग मोडून येतं, स्नायू दुखतात, कधी अंगावर पुरळ उठतं. आणि गोळी बंद केली की काही आठवड्यांत सगळं ओसरतं. पुष्कळदा महिनाभरात माणूस पूर्ववत होतो आणि सांध्यांचं कायमचं नुकसान सहसा होत नाही.

सूज आहे की नुसतं दुखतंय, हे घरच्या घरीही बरंच कळतं. दोन्ही हातांच्या मुठी आवळून शेजारी धरा. बोटांच्या पेरांचे उंचवटे आणि त्यांच्यामधल्या खळग्या पाहा. सांधा सुजला असेल तर खळगी भरून येते आणि दोन मुठी सारख्या दिसत नाहीत. गुडघ्याच्या वाटीच्या दोन्ही बाजूंना एरवी हलके खोलगट भाग असतात, सुजल्यावर तेही बुजतात. हाताची पाठ सांध्यावर टेकवून पाहा, सुजलेला सांधा शेजारच्या त्वचेपेक्षा उबदार लागतो. ताईची अंगठी आदल्या आठवड्यात सैल होती, कारण थायरॉइडनं वजन उतरलं होतं. तीच अंगठी त्या दिवशी साबण लावूनही निघेना. अशा गोष्टींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. दुखणं फिरतं असतं, डॉक्टरांपुढे जाईपर्यंत सुजलेला सांधा उतरलेला असतो आणि "काल सुजला होता हो" याला पुरावा उरत नाही.

हे होतं कशामुळे? औषधाचे रेणू शरीरातल्या प्रथिनांना चिकटतात आणि ती जोडगोळी प्रतिकारशक्तीला परकी वाटते, असा एक कयास आहे. दुसरा धागा जास्त विचार करायला लावणारा आहे. थायरॉइडमधल्या ज्या एन्झाइमला ही गोळी अडवते, त्याचं एक भावंड पांढऱ्या पेशींमध्ये राहतं. त्याचं नाव मायलोपेरॉक्सिडेज. औषध तिथेही जाऊन बसतं, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच बिथरलेली आहे त्यांच्यात ती मग या एन्झाइमविरुद्धही अँटिबॉडी बनवू शकते. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला मुद्दा तो हाच.

याच भावंडामुळे एक तिसरा प्रकार होतो. तो दुर्मीळ आहे, पण गंभीर आहे. त्यात बारीक रक्तवाहिन्यांना सूज येते. वैद्यकीय भाषेत त्याला अँका व्हॅस्क्युलायटिस म्हणतात आणि पीटीयूमुळे तो जास्त दिसतो. सांधेदुखी आणि ताप यातही असतात, म्हणून फसायला होतं. पण इथे दिवसांचं गणित चालत नाही. गोळी सुरू करून महिने, अगदी वर्षंही लोटल्यावर तो येऊ शकतो. पायांवर लाल-जांभळे ठिपके येतात आणि बोटानं दाबले तरी ते फिके होत नाहीत. लघवी तांबूस किंवा फेसाळ होते. खोकल्यातून रक्त पडतं, धाप लागते. सांधेदुखीच्या जोडीला यातलं एकही असेल तर मूत्रपिंडं आणि फुप्फुसं धोक्यात असू शकतात, तेव्हा त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अँकाची, म्हणजे अशा अँटिबॉडीची, रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार झालाच असं मात्र नाही. पीटीयू घेणाऱ्या अनेकांत ती नुसतीच पॉझिटिव्ह येते आणि त्रास काहीच नसतो. क्वचित या गोळ्यांमुळे ल्युपस या प्रतिकारशक्तीच्याच आजारासारखं चित्रही उभं राहतं: सांधे, पुरळ, ताप.

थायरॉइडच्या रुग्णाचं अंग दुखण्याचं खापर दर वेळी गोळीवर फोडायचं का? अजिबात नाही, आणि खरी कसोटी इथेच लागते.

वाढलेलं थायरॉइड स्वतःच स्नायू खातं. मांड्या आणि दंड अशक्त होतात. जमिनीवरून उठताना हात टेकावे लागतात, वरच्या फळीवरचा डबा काढताना हात भरून येतात. यात दुखण्यापेक्षा अशक्तपणा जास्त असतो, सांधे सुजत नाहीत आणि हार्मोन उतरेल तसं हे सुधारतं.

याच्या उलटही घडतं. गोळीनं हार्मोन फार झपाट्यानं खाली आलं तर स्नायू दुखू लागतात. पोटऱ्यांत गोळे येतात, मांड्या ठणकतात. वाढलेल्या हार्मोनची सवय झालेल्या स्नायूंना तो एकदम मोठा तुटवडा वाटतो. रक्तात सीपीके नावाचं स्नायूंचं एन्झाइम वाढलेलं सापडतं. हाही त्रास पहिल्या एक-दोन महिन्यांतच येतो, त्यामुळे नुसते दिवस मोजून भागत नाही. सांधा दुखतोय की दोन सांध्यांमधलं मांस दुखतंय, हे बोटानं दाबून पाहावं लागतं. इथे उपाय वेगळा आहे, गोळीचा डोस कमी करणं किंवा जोडीला थोडं हार्मोन देणं. म्हणून डॉक्टरांना सांगताना "अंग दुखतंय" असं मोघम न सांगता नेमकी जागा दाखवा.

खांदा आखडणं हे थायरॉइडच्या लोकांत जास्त आढळतं. पण तो बहुधा एकच खांदा असतो, दुखणं महिनोन्‌महिने हळूहळू वाढतं आणि हात पाठीमागे जात नाही. खरा आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसही असू शकतो, कारण प्रतिकारशक्तीचा एक आजार असलेल्यांना दुसरा होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते. त्यात दोन्ही हातांचे बारीक सांधे सारखेच धरतात, सकाळचा ताठरपणा तासभर किंवा जास्त टिकतो आणि दुखणं असं रोज घर बदलत नाही. विषाणूच्या तापानंतरही सांधे धरतात, ते वेगळंच.

म्हणून तपासण्या लागतात. ईएसआर आणि सीआरपी वाढले तर सूज खरी आहे एवढं कळतं, कशामुळे ते कळत नाही. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी आमवाताकडे बोट दाखवतात. गोळीमुळे झालेल्या त्रासात ते बहुधा निगेटिव्ह येतात. लघवीची साधी तपासणी आणि क्रिएटिनिन मूत्रपिंडांची खबर देतात. ही लघवीची तपासणी स्वस्त आणि साधी म्हणून मागे पडते, ती मागून घ्या. पण सगळ्यांच्या आधी करायची तपासणी वेगळीच आहे.

ती म्हणजे सीबीसी, रक्तातल्या पेशींची मोजणी. या गोळ्यांचा सगळ्यात भीतिदायक दुष्परिणाम सांध्यांचा नाही, रक्ताचा आहे. हजारातल्या एक ते पाच जणांत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल्स, एकदम कोसळतात. मायक्रोलिटरमागे 500 च्याही खाली जातात. बहुतेकदा हे पहिल्या तीन महिन्यांतच होतं, म्हणजे सांध्यांच्या त्रासाचाच काळ. ताप येतो, घसा भयंकर दुखतो, तोंड येतं. आणि ताप तर सांध्यांच्या त्रासातही असतो. म्हणून ही गोळी घेणाऱ्याला ताप आला तर सांधे दुखत असोत वा नसोत, त्याच दिवशी सीबीसी झालीच पाहिजे.

वेदनाशामक गोळ्यांची मला धास्ती वाटते ती यामुळेच. सांधे दुखतात म्हणून माणूस सकाळ-संध्याकाळ गोळी घेतो. तीच गोळी ताप उतरवते. घसाही थोडा बरा वाटतो. धोक्याची घंटा वाजत असते आणि आपण तिच्यावर उशी दाबून धरलेली असते. ताईचे ते पाच दिवस आठवले की आजही अंगावर काटा येतो. तिच्या पांढऱ्या पेशी ठीक निघाल्या, पण त्या पाच दिवसांत ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. ॲस्पिरिन तर परस्पर घेऊच नये. मोठ्या मात्रेत ते रक्तातल्या प्रथिनांना बांधलेलं थायरॉइड हार्मोन मोकळं करतं, आणि इथे ते आधीच जास्त असतं.

मग करायचं काय? ताप, घसादुखी किंवा तोंड येणं असेल, डोळे-लघवी पिवळी दिसत असेल, तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी तपासणी करून डॉक्टरांना भेटा. पिवळेपणाचा संबंध यकृताशी आहे. पीटीयूमुळे यकृताला गंभीर इजा होऊ शकते, म्हणून अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं 2010 मध्ये त्यावर ठळक चौकटीतला इशारा घातला. ताप वगैरे काही नसून नुसते सांधे दुखत असतील, तर दुखणं अंगावर न काढता एक-दोन दिवसांत थायरॉइडच्या डॉक्टरांशी बोला आणि गोळी थांबवायची का ते त्यांना ठरवू द्या. स्वतःच्या मनानं बंद करून घरी बसलात तर हार्मोन पुन्हा उसळतं. ज्यांचा आजार जोरात आहे किंवा हृदय नाजूक आहे, त्यांच्यात ते जिवावर बेतू शकतं. गर्भवतींनी तर अर्धी गोळीही परस्पर इकडेतिकडे करू नये. कुठल्या महिन्यात कुठलं औषध द्यायचं याचं त्यांचं गणित निराळं असतं.

गोळी थांबवल्यावर सांध्यांसाठी बहुधा थोडे दिवस वेदनाशामक पुरतं, पण आता ते डॉक्टरांच्या नजरेखाली. फारच सूज असेल तर थोड्या काळासाठी स्टिरॉइड देतात. खरा पेच थायरॉइडचा असतो. साहजिकच मनात येतं, ही गोळी सोसली नाही तर दुसरी घेऊ. पण दोन्ही औषधं एकाच कुळातली. एकाची रिॲक्शन आलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना दुसऱ्याचीही येऊ शकते. नुसतं पुरळ असेल तर डॉक्टर ती जोखीम घेतील. सांधे सुजले असतील तर बहुधा घेत नाहीत.

मग कायमच्या उपायाकडे वळावं लागतं: किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया. किरणोत्सारी आयोडीन 1941 पासून वापरात आहे. एक डोस तोंडावाटे घ्यायचा, ग्रंथी नेहमीच्या सवयीनं ते आयोडीन ओढून घेते आणि आतून हळूहळू विझत जाते. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या आयांना ते देत नाहीत, आणि ग्रेव्हजमुळे डोळे बाहेर आलेले असतील तर फार जपून द्यावं लागतं. परिणाम यायला आठवडे ते महिने लागतात. मधल्या काळात धडधड आणि थरथर आवरायला प्रोप्रानोलोलसारखी औषधं असतात, पण दमेकऱ्यांना ती चालत नाहीत. शस्त्रक्रिया करायची तर आधी हार्मोन खाली आणण्यासाठी आयोडीनचे थेंब आणि इतर औषधं थोडे दिवस देतात. दोन्ही वाटांनी गेल्यावर बहुतेकांना पुढे आयुष्यभर रोज एक हार्मोनची गोळी लागते. अनेक जण इथे कचरतात. मला विचाराल तर ती रोजची गोळी बरी. शरीराला स्वतःचंच वाटेल असं ते हार्मोन आहे आणि डोस बसला की माणूस ते विसरून कामाला लागतो.

ताईची गोळी त्या फोननंतर बंद झाली. चौथ्या दिवशी तिनं टूथपेस्टचं झाकण स्वतः फिरवलं. घोटे सगळ्यात हट्टी निघाले, ते उतरायला तीन आठवडे लागले. पुढे तिनं किरणोत्सारी आयोडीन घेतलं.

तिच्या फाइलच्या पहिल्याच पानावर आता लाल शाईत लिहिलंय: "कार्बिमाझोल, मेथिमाझोल: सांधे सुजले, पुन्हा देऊ नये." दोन्ही नावं मुद्दाम लिहायला लावली. पाकिटावर कंपनीचं नाव ठळक असतं आणि औषधाचं बारीक. उद्या दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरांकडे, वेगळ्या नावाच्या पाकिटातून तेच औषध तिच्या हाती पडू शकतं. त्याखाली पीटीयूचंही नाव आहे, आणि त्यापुढे: "डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही."